नाव 'वाइल्डफायर', पण आग कुठंय? (वणवा आणि इंग्रजी गाणी)

सॅक्रामेंटोकर

मंडळी, बरेच दिवस एक प्रश्न डोक्यात आहे. इंग्रजी गाण्यांत 'वाइल्डफायर' असं नाव शोधा, ढिगाने सापडतात. जॉन मेयरने २०१३च्या 'पॅराडाइज व्हॅली' या एकाच अल्बममध्ये या नावाची दोन गाणी ठेवलीत, एक स्वतःचं आणि एक फ्रँक ओशनच्या आवाजात. २०११ला एसबीटीआरकेटीचं, २०१५ला डेमी लोव्हाटोचं. रेचल प्लॅटनने तर २०१६ला अख्ख्या अल्बमलाच ते नाव दिलं. बहुतेक ठिकाणी मामला एकच: ती, तो, उन्हाळ्याची रात्र आणि मनात पेटलेलं काहीतरी. झाड एकही जळत नाही.

मी कॅलिफोर्नियात राहतो. इथे वणवा म्हणजे दुपारी बारा वाजता नारिंगी आकाश, शाळेला सुट्टी, आणि पासपोर्ट-कागदपत्रांची पिशवी कायम गाडीच्या डिकीत. २०१८च्या नोव्हेंबरात आमच्या उत्तरेला पॅराडाइज नावाचं गाव जवळपास पुसलं गेलं, ८५ माणसं गेली. त्यामुळे रेडिओवर कुणी गोड आवाजात 'मी वणवा, तू वणवा' चालवलं की माझं डोकं फिरतं.

तर प्रश्न: खऱ्या वणव्यावर, धूर-राख-पळापळ असलेल्या वणव्यावर, नावाजलेली गाणी आहेत का? की प्रेमात पडलेल्यांनी हा शब्द कायमचा भाड्याने घेतलाय?

टवाळ

रुमाल टाकून ठेवतो. अग्निरोधक आहे.

निषाद

या नावाचं सगळ्यात गाजलेलं गाणं तुमच्या यादीत नाही! मायकल मार्टिन मर्फीचं 'वाइल्डफायर', १९७५. बिलबोर्डच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं होतं. लॅरी कॅन्सलरबरोबर लिहिलेलं. आणि त्यातही आग नाही. 'वाइल्डफायर' हे एका तट्टाचं नाव आहे.

गोष्ट अशी: नेब्रास्कातली कडाक्याची थंडी. तट्टू तबेला फोडून पळतं आणि हिमवादळात हरवतं. त्याची मालकीण हाका मारत त्याच्यामागे जाते आणि मरते. सांगणारा आहे एक शेतकरी. त्या साली बर्फ लवकर पडलाय, पिकाचं काही खरं नाही, रात्रीमागून रात्र घुबड खिडकीबाहेर ओरडतंय. त्याची खात्री पटते की ती बाई तट्टावर बसून आपल्याला न्यायला येणार. आणि त्याला भीती वाटत नाही, उलट तो वाट बघतोय. मला त्यातलं हेच सगळ्यात अंगावर येतं. नांगरणीला इतका विटलेला माणूस, की भूत आलं तरी सुटका वाटावी.

सुरुवातीचा पियानो नीट ऐका. तो स्क्रियाबिनच्या एका प्रिल्यूडवरून घेतलाय (ओपस ११, क्रमांक १५). रशियन पियानो, टेक्ससचा गायक, नेब्रास्काचं भूत.

मिरची_भजी

म्हणजे वाइल्डफायर बर्फात मेला? काय नशीब. आमच्या शेजारच्यांचा 'शेरू' मांजराला घाबरतो, त्यातलाच प्रकार.

निषाद

@मिरची_भजी, हसून हसून पुरेवाट. पण मेला असं गाण्यात म्हटलेलं नाही, हरवला एवढंच. म्हणून तर तो परत येऊ शकतो.

खडूस आजोबा

धागाकर्त्याची तक्रार मला पटली नाही. प्रेमाला आग म्हणायचं नाही तर काय नगरपालिका म्हणायचं? 'अलबेला' १९५१चा. 'शोला जो भड़के' वर भगवानदादा नुसते खांदे उडवतात आणि अख्खं थिएटर शिट्ट्या मारतं. तेव्हा कुणी उठून विचारलं नाही, की अण्णा, इथे अग्निशमन दलाची व्यवस्था काय?

रूपक हे रूपकच असतं. गायकाकडून पंचनाम्याची अपेक्षा कशाला?

सॅक्रामेंटोकर

आजोबा, पंचनामा नको. पण चितळकर-लताच्या त्या गाण्यात ठिणगी भडकते आणि काळीज धडधडतं, एवढंच आहे आणि तेवढंच पुरे आहे. जंगलच्या जंगल उचलून आणायचं आणि वापर काडेपेटीएवढाच करायचा, माझं भांडण त्याच्याशी आहे.

निषाद

'अमर प्रेम'मधलं 'चिंगारी कोई भड़के' घ्या. आग-पाण्याचं रूपक असावं तर असं. आनंद बक्षींनी आगीचा धर्म धरून ठेवलाय: ठिणगी पडली तर पाऊस विझवेल, पण पावसानेच आग लावली तर काय करायचं? वर पंचमने दिलेली भैरवी. यात आग नुसती शोभेला नाही.

माळरान

गाण्यांतलं मला फार कळत नाही, पण वणव्यातलं कळतं. आमचा भाग सातारा जिल्ह्यातला. संक्रांत उलटली की गवत वाळायला लागतं आणि फेब्रुवारीपासून रोज कुठला ना कुठला डोंगर संध्याकाळी लाल दिसतो. आपोआप लागलेला वणवा मी तरी पाहिलेला नाही. कुणी बांध जाळताना हयगय करतं, कुणी बिडी टाकतं, आणि 'जाळलं की पुढच्या साली गवत चांगलं येतं' म्हणून मुद्दाम लावणारे तर आहेतच. विदर्भात मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, तोही पसरतो.

वनखातं थंडीतच जाळरेषा काढतं. म्हणजे गवताचा पट्टा आधीच जाळून मोकळा ठेवायचा, आग तिथवर आली की तिला खायला काही उरत नाही. विझवायला बंब वगैरे कुठला डोंगरावर? जांभळीच्या नाहीतर करंजाच्या ओल्या डहाळ्या तोडायच्या आणि आगीच्या कडेने झोडपत जायचं. डहाळी उचलून आपटायची नाही, तशाने ठिणग्या उडून मागे नवी आग लागते. दाबून, घासून मारायची. आणि नव्या पोराला पहिली गोष्ट सांगतात ती ही, की आगीच्या वरच्या अंगाला चढावर उभं राहायचं नाही. आग चढ माणसापेक्षा जोरात चढते. घरी आल्यावर भुवया चुरचुरतात आणि नाक शिंकरलं की काळं येतं.

यावर गाणं? आमच्याकडे तरी कुणी म्हणत नाही. त्या वेळी तोंडाला फडकं बांधलेलं असतं.

आडवाटेचा

@माळरान, क्या बात. आता तुम्ही म्हणालात त्या चढावरच्या आगीवर एक गाणं आहे, आणि धागाकर्त्याला हवं ते नेमकं हेच.

५ ऑगस्ट १९४९, मॉन्टाना, मिसूरी नदीकाठची मॅन गल्च नावाची घळ. विमानातून पॅराशूटने उतरून आग विझवणारी पंधरा जणांची तुकडी, शिवाय जमिनीवरून आलेला एक वनरक्षक. वाटलं होतं सकाळपर्यंत आटपेल. आगीने घळ ओलांडली आणि यांच्या खालच्या अंगाला आली. वर तीव्र चढ आणि कमरेएवढं वाळलेलं गवत. सगळे पळत सुटले. तुकडीचा म्होरक्या वॅग डॉज मात्र थांबला, काडी ओढली आणि स्वतःच समोरचं गवत पेटवलं. ते जळून गेल्यावर तिथल्या गरम राखेत पालथा पडला आणि बाकीच्यांना हाका मारल्या, की इकडे या. कुणी आलं नाही. मागून मरण येतंय आणि साहेब पुढे आग लावतोय, वेड लागलं असंच वाटलं असणार. तेरा जण गेले. डॉज वाचला, आणखी दोघं कड्यातल्या फटीतून पलीकडे निघाले म्हणून वाचले.

कॅनडाच्या जेम्स कीलाहानने यावर 'कोल्ड मिसूरी वॉटर्स' लिहिलं, १९९५च्या अल्बममध्ये आहे. गाणं डॉजच्या तोंडी आहे, दवाखान्यातल्या खाटेवरून. डॉज १९५५ साली हॉजकिन्सच्या आजाराने गेला. चाल संथ, एक गिटार, आवाज कुठेही चढत नाही. वादळी वाद्यमेळ टाकायचा मोह त्याने टाळला, हे त्याचं मोठं काम. क्राय क्राय क्राय या त्रयीने १९९८ला केलेलं रूपही सुंदर आहे.

माळरान

जाळरेषाच ती! फक्त ऐन वेळी, पायाशी काढलेली. जळलेल्या जागी आग परत येत नाही हे आमच्याकडे गुराख्याच्या पोरालाही माहीत असतं. पण पळणाऱ्या माणसाला थांबवून हे पटवायला वेळ कुठून आणायचा? गाणं ऐकतो आज.

बोरूबहाद्दर

नॉर्मन मॅक्लीनचं 'यंग मेन अँड फायर' याच घटनेवर आहे, १९९२ला त्याच्या मृत्यूनंतर आलं. गाण्याआधी वाचा किंवा नंतर, पण वाचाच.

टवाळ

अवांतर: खरी आग, खरं गाणं म्हटल्यावर 'स्मोक ऑन द वॉटर' कसं विसरता? डिसेंबर १९७१, माँत्रोचा कसिनो. फ्रँक झापाचा कार्यक्रम चालू असताना कुणा दीडशहाण्याने फ्लेअर गन उडवली आणि कसिनो भस्मसात. डीप पर्पल तिथेच रेकॉर्डिंग करणार होते, त्यांना तळ्यावर पसरलेला धूर दिसला. पुण्यात गिटारच्या क्लासला गेलेला प्रत्येक जीव ही धून वाजवून शेजाऱ्यांना छळतो. खऱ्या आगीत झालं नसेल तेवढं नुकसान.

खडूस आजोबा

तो वणवा नव्हे. इमारतीची आग.

टवाळ

आजोबा, मगाशी पंचनामा नको म्हणणारे तुम्हीच ना?

चाफेकळी

एक गंमत लक्षात आली का? 'कोल्ड मिसूरी वॉटर्स', 'स्मोक ऑन द वॉटर'. आग खरी, तर नावात पाणी. आणि नावात आग, तर गाण्यात तट्टू नाहीतर बॉयफ्रेंड.

बोरूबहाद्दर

@चाफेकळी, दोन उदाहरणांवर सिद्धांत? पीएचडी मिळेल, पण आमच्या विद्यापीठातून नाही. 'बेड्स आर बर्निंग' ऐका, मिडनाइट ऑइल, १९८७. नावात जाळ, विषय ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींची हिरावलेली जमीन. तट्टूही नाही, बॉयफ्रेंडही नाही.

ओळखपाळख

ब्रायन विल्सनचा किस्सा कुणी सांगितला नाही अजून? बीच बॉइजचा. नोव्हेंबर १९६६मध्ये 'स्माइल' अल्बमसाठी त्याने आगीवर एक वाद्यतुकडा ध्वनिमुद्रित केला, 'मिसेस ओलिअरीज काऊ'. १८७१ची शिकागोची आग जिच्या लाथेने लागली अशी दंतकथा आहे ती गाय. (गाय निर्दोष होती, हेही जाता जाता.) विल्सनने वादकांना अग्निशमनवाल्यांची शिरस्त्राणं घालायला लावली, स्टुडिओत बादलीत लाकडं पेटवून ठेवली, का तर धुराचा वास यावा. व्हायोलिनं अशी किंचाळतात की अंगावर काटा येतो. नंतर कळलं की स्टुडिओजवळची एक इमारत जळाली. विल्सन हादरला. आपल्या संगीतानेच आग लागते अशी धास्ती घेऊन त्याने तो तुकडा बाजूला टाकला. अल्बमही त्या वेळी बारगळला. २००४ला त्याने तो नव्याने पूर्ण केला आणि याच तुकड्याला ग्रॅमी मिळालं.

मिरची_भजी

म्हणजे विल्सनने दीपक गायला! मल्हार गायला कुणी नव्हतं का तिथे?

निषाद

@ओळखपाळख, माझ्या लेखी विल्सन तानसेनापेक्षा शहाणा ठरला. तानसेनाने दरबाराच्या आग्रहाखातर गायला आणि अंगाचा दाह ओढवून घेतला, ही आपली दंतकथा. याने धून कपाटात टाकली आणि गप्प बसला.

खडूस आजोबा

श्रीकृष्णाने वणवा गिळला होता. भागवतात दोनदा येतं. डोळे मिटा म्हणाला गोपाळांना, आणि पिऊन टाकला. कीर्तनात ऐकलंय लहानपणी. कीर्तनकार बुवा तो घोट घेताना अशी मान मागे टाकायचे की पुढची पोरं खरंच डोळे मिटून बसायची. घ्या, तुमचं वणव्याचं संगीत. आणि खांडववनात त्याच कृष्णाने अर्जुनाला घेऊन अग्नीला जंगल खाऊ घातलं. सोयीनुसार चालतं सगळं.

आडवाटेचा

आजोबा, हा प्रतिसाद वेगळा धागा काढण्यालायक आहे.

गल्लीतला_गायक

आगीची गाणी गाऊन खरी आग लावणारा एकच. जॉनी कॅश. 'रिंग ऑफ फायर' १९६३चं (लिहिलेलं जून कार्टर आणि मर्ल किलगोरने). दोन वर्षांनी कॅशच्या गाडीमुळे कॅलिफोर्नियातल्या लॉस पाद्रेस राष्ट्रीय वनात आग लागली. ५०८ एकर जळालं. तिथे तेव्हा ५३ कॉन्डॉर गिधाडं होती, त्यातली ४९ परागंदा झाली. सरकारने खटला भरला, शेवटी ८२,००१ डॉलरवर मिटला. कोर्टकचेरीत गडी बेफिकीर, गिधाडांबद्दल तर भलतंच तोंड सोडलं होतं.

टवाळ

तो वरचा एक डॉलर कशाचा? शकुनाचा?

सॅक्रामेंटोकर

लॉस पाद्रेसमधून आम्ही दरवर्षी जातो आणि हे माहीत नव्हतं. आता मुलांना तिथे 'रिंग ऑफ फायर' लावून देणार नाही. लावून दिलं तर गिधाडांची माफी मागून.

बाकी मेयरची चीड मघापेक्षा कमी झालीय. पण मूळ प्रश्न उरतोच. आगगाड्यांच्या अपघातांवर, खाणींवर, बुडालेल्या जहाजांवर अमेरिकेत इतकी पोवाड्यासारखी लोकगीतं आहेत. मग वणव्यांवर इतकी कमी का?

बोरूबहाद्दर

माझं मत सांगतो. गाण्याला माणूस लागतो. आगगाडीला ड्रायव्हर असतो, जहाजाला कप्तान असतो, खाणीत अडकलेल्याची बायको दाराशी उभी असते. वणव्यात असं कुणी नजरेत भरत नाही. एकाच वेळी शंभर ठिकाणी जळतंय, सुरुवात कुणी केली ठाऊक नाही, शेवट पावसाने झाला.

पुरावा घ्या. ८ ऑक्टोबर १८७१ला शिकागो पेटलं. त्याच रात्री विस्कॉन्सिनमधलं पेश्टिगो गाव वणव्यात जळालं. शिकागोत अंदाजे ३०० मेले, पेश्टिगोच्या बाजूला १,२०० ते २,५००. अमेरिकेतला सगळ्यात जीवघेणा वणवा तो. आता गाणं कुणाच्या वाट्याला आलं? शिकागोच्या. अजून शिबिरांत पोरं ओलिअरीबाईच्या गायीचं गाणं म्हणतात. कारण तिथे गाय होती! कंदील होता, लाथ होती, घडणारी एक गोष्ट होती. पेश्टिगोत नुसतं जंगल आणि वारा.

डॉजचं गाणं जमलं ते त्याच कारणाने. एक माणूस, एक काडी आणि 'इकडे या' म्हटल्यावर न आलेले सोबती.

चाफेकळी

@बोरूबहाद्दर, हे पटलं. माझ्या पाण्याच्या सिद्धांतापेक्षा बरं आहे, मान्य. अमेरिकन वनखात्यानेही हेच ओळखलं असावं. त्यांनी १९४४ला आगीविरुद्धच्या प्रचाराला टोपीवालं अस्वल उभं केलं, स्मोकी. १९५२ला त्याच्यावर गाणं आलं. लिहिणारी जोडी तीच, जिने बर्फाच्या बाहुल्याचं 'फ्रॉस्टी द स्नोमॅन' लिहिलं होतं, स्टीव्ह नेल्सन आणि जॅक रोलिन्स. अस्वलाचं नाव नुसतं 'स्मोकी बेअर', पण मीटरमध्ये बसेना म्हणून त्यांनी मध्ये 'द' घातला, आणि तो अजून लोकांच्या तोंडून जात नाही.

माळरान

आमच्याकडे फलक असतो, 'वणवा लावू नका', खाली दंडाचं कलम. त्यावर चाल कोण बांधणार? आणि तो फलकसुद्धा वणव्यात काळा झालेला असतो.

परदेशस्थ_पंचगणीकर

ऑस्ट्रेलियातून. २०१९-२०च्या उन्हाळ्यात इथे जे जळालं त्यानंतर १६ फेब्रुवारी २०२०ला सिडनीत 'फायर फाइट ऑस्ट्रेलिया' मैफल झाली, मदतनिधीसाठी. क्वीन या बँडने १९८५च्या लाइव्ह एड मैफलीतली तीच गाणी तशीच वाजवली, ॲडम लँबर्टला घेऊन. त्यातलं एकही वणव्यावर नाही. पण स्टेडियममध्ये स्वयंसेवक अग्निशामकांना उभं राहून टाळ्या पडत होत्या, तेव्हा विषय कुणाला आठवत होता? आमच्या पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेल्या पोराची, क्वीनच्या फ्रेडी मर्क्युरीची गाणी ती, म्हणून ऊर जरा जास्तच भरून आला. लॉस एंजेलिसच्या आगीनंतर ३० जानेवारी २०२५ला 'फायरएड' झालं, तिथेही असंच. लोक अशा वेळी जुनी, पाठ असलेली गाणी मागतात. सॅक्रामेंटोकर, याचंही उत्तर तुमच्या हिशेबात धरा.

खडूस आजोबा

आयडीत पंचगणी, प्रतिसादात पाचगणी. ठरवा काय ते.

आडवाटेचा

शेवटचं एक नाव टाकतो, कारण धागाकर्त्याच्या यादीत ते नाही आणि त्याची तक्रार निम्मी तरी भागवेल. मँडोलिन ऑरेंज, नॉर्थ कॅरोलायनाची जोडी (आता वॉचहाउस नावाने गातात), २०१६च्या 'ब्लाइंडफॉलर' मधलं 'वाइल्डफायर'. हेही रूपकच. सुरुवात अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धापासून, बंकर हिलवर पडलेल्या जोसेफ वॉरनपासून. तिथून यादवी युद्ध, गुलामगिरी, आणि युद्ध संपल्यावरही दक्षिणेत न विझलेला द्वेष. आग कशी वागते हे पाहून लिहिलेलं वाटतं: एका जागी विझवली म्हणावं तर मुळांतून सरकत दुसरीकडे वर येते. दोन आवाज, मँडोलिन, गिटार. कुणी ओरडत नाही.

सॅक्रामेंटोकर

आताच ऐकलं, सलग दोनदा. आजोबा, हे रूपक मंजूर. जंगल आणलंय आणि पूर्ण वापरलंय.

मॅन गल्चचं गाणं मात्र बायकोने अर्ध्यात बंद करायला लावलं. बाहेर आज वारा आहे, म्हणाली, आज नको. मर्फीचं तट्टू चाललं तिला.

मिरची_भजी

सगळ्या गाण्यांची एक यादी करून कुणीतरी वर टाका रे. आणि त्यात मेयरचंही ठेवा, आम्हाला आवडतं.

टवाळ

यादीचं नाव 'जाळरेषा' ठेवा. मेयर रेषेच्या पलीकडे.